अकरा तुकड्यांचा भाव

मित्रांनो, मला जुनी म्हणा, चालेल. म्हातारी म्हणालात तर मात्र याद राखा. मी फेस नावाच्या शहरातली, लादी तासायची हातोडी आहे. खिळे ठोकणाऱ्या हातोड्या निराळ्या. त्यांना एकच तोंड असतं आणि तेही बोथट. मला दोन आहेत आणि दोन्हींना धार आहे. शाळेत मी आयुष्यात एकदाच गेले, तेही तिथल्या अंगणातली पडकी नक्षी दुरुस्त करायला. दोन महिन्यांत पोरांच्या पाठांतरातलं जे कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. पण कामाचा भाव कसा सांगावा, हे शिकलेल्यांनीसुद्धा मला येऊन विचारावं, इतकं मी पाहिलं आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका खटारा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा होते. डोंगरातून गव्हाची पोती वाहता वाहता ट्रक मेला आणि मी उरले. लोहाराने मला लाल केलं, झोडपलं, पाण्यात बुडवलं आणि पुन्हा झोडपलं. मग हाज अल्लाल नावाच्या मआलेमने, म्हणजे कसबी कारागिराने, मला विकत घेतलं. ऑलिव्हच्या लाकडाचा दांडा बसवला आणि ते ऐरणीसमोर मांडी घालून बसले.

आमच्याकडे नक्षीच्या भिंतीला आख्खी लादी कोणी लावत नाही. भाजलेल्या मातीची तळहाताएवढी लादी घ्यायची, तिच्यावर काडीने रेघ मारायची, ऐरणीवर धरायची आणि माझ्या धारेने रेघेवर टिचक्या मारत तुकडा काढायचा. कुठे चांदणी, कुठे बदामासारखी पाकळी, कुठे करंगळीच्या नखाएवढा त्रिकोण. असे शेकडो तुकडे जुळले की कुठे हातभर भिंत होते. लोक भिंत बघतात, सुभानल्लाह म्हणतात, पुदिन्याचा चहा पितात आणि जातात. हातोडीला कोणी सुभानल्लाह म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. असो.

हाज अल्लाल गेले तेव्हा मी त्यांच्या मुलाच्या हातात आले. बूश्ता त्याचं नाव. खरं सांगते, हाताने तो बापापेक्षा सरस निघाला. त्याने मारलेला घाव कधी रेघेबाहेर गेला नाही. पण जीभ मात्र मेणाची. माणसाची ऊब लागली की वितळलीच.

मोठं काम आलं की हाच बूश्ता वाघ असायचा. चाळीस मीटर भिंत? मग मीटरला एवढे दिरहम, मजुरी एवढी, चुना तुमचा, एक पै कमी होणार नाही. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. आणि लहान काम आलं की शेळी. एकदा पावाच्या भट्टीवाल्याच्या उंबऱ्याजवळची मोरी फुटली. भोकाभोवती गोल बसवायचे, सगळे मिळून चार तुकडे. बूश्ताने सवयीने मीटरच्या हिशेबाने आकडा काढला. आला अठरा दिरहम. सकाळी गेलेला माणूस दुपारच्या नमाजानंतर परतला, खिशात अठरा दिरहम आणि हातात एक गरम पाव.

समोर कद्दूर बसतो. चामड्याच्या चपला शिवतो आणि सुईपेक्षा जिभेने जास्त टोचतो. तो ओरडला, "काय मआलेम, आज मोठी कमाई! पाव अर्धा कापून बँकेत ठेव!"

त्या दिवसापासून बूश्ताला लहान कामाचा आकडा सांगायचीच लाज वाटायला लागली. अठरा सांगावे तर स्वतःचं हसू होतं. खरा आकडा सांगावा तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना लुटल्यासारखं वाटतं. मग त्याने तिसरी वाट काढली. कोणी विचारलं, "मआलेम, किती घेशील?" की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "भाव कसला? आपण घरचे. अल्लाह देईल ते."

ऐकायला किती गोड! आमच्या गल्लीत निम्मे लोक असंच बोलतात, आणि मग निम्मे लोक एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातात. भीड भिकेची बहीण, हे मी बूश्ताला ओरडून सांगितलं असतं. पण मला दोन तोंडं असून बोलता एकानेही येत नाही.

मला विचारा लहान काम म्हणजे काय. मोठ्या भिंतीत एका मापाचे हजार तुकडे असतात. दहाव्या तुकड्याला हात लयीत बसतो, मग मी आपोआप पडते, बूश्ता गुणगुणतो, दिवस कसा गेला कळत नाही. जुन्या भिंतीत अकरा तुकडे भरायचे तर अकराही वेगळ्या मापाचे. कुणाची कड झिजलेली, कुणाचा कोन कलता. तासायचा, लावून बघायचा, काढायचा, पुन्हा तासायचा. तिसरा घाव चुकला की तुकडा गेला. त्या हजार तुकड्यांनी माझी धार जेवढी जाते तेवढी या अकरांनी जाते. मीटरपट्टीला हे काय कळणार!

आता लाल्ला बतूलची गोष्ट सांगते. त्यासाठीच तर तोंड उघडलं.

लाल्ला बतूल, तुमच्या भाषेत बतूलबाई, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा अन्वर दूर तंजा शहरात बंदरावर नोकरी करतो. तीन खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणाच्या भिंतीत एक जुनं कारंजं. कारंजं म्हणजे फवारा उडवणारं नव्हे. भिंतीत नक्षीची महिरप, तिच्यात पितळी तोटी, खाली कुंड, आणि तोटीतून दिवसरात्र करंगळीएवढी धार. छोट्या ईदेनंतर नळवाल्याने नवा पाइप घालताना तोटीभोवतीचे अकरा तुकडे फोडले. तेव्हापासून पाणी लाद्यांच्या मागे झिरपू लागलं. भिंत ओली, अंगण निसरडं.

त्या दुकानात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बूश्ता, अन्वर मोठ्या ईदेला येतोय. फोनवर म्हणाला, तोवर गळती थांबली नाही तर कारंजं उखडून साधा नळ बसवतो. आणि तो म्हणतो तेही खोटं नाही रे, मी परवा तिथे घसरले. पण बाबा, माझ्या घरात दिवसभर बोलणारं ते एवढंच आहे. ते गेलं तर मी कोणाचं ऐकू?"

"लाल्ला, तुम्ही काळजी सोडा. या आठवड्यात येतो."

"किती घेशील?"

बूश्ताचा हात छातीवर गेलाच. "मला लाज आणू नका. तुम्ही मला आईसारख्या. अल्लाह देईल ते."

लाल्ला बतूल क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. अल्लाह देईल ते." आणि गेल्या.

त्या आठवड्यात बूश्ता गेला नाही. पुढच्या आठवड्यात एका पाहुण्यांच्या बंगल्याचं काम आलं. अठ्ठेचाळीस मीटर, मीटरवर भाव, अर्धे पैसे आगाऊ. आगाऊ घेतलेले पैसे माणसाला पहाटे उठवतात. 'अल्लाह देईल ते' मात्र बिचारं रांगेत मागे उभं राहतं.

पण शुक्रवारी एक गंमत झाली. दुपारी नमाजानंतर लाल्ला बतूलकडून झाकलेली थाळी आली. वाफवलेल्या जाड रव्याचा गरम कुसकुस, वर सात भाज्या आणि मांसाचा चांगला तुकडा. बूश्ता सुखावला. "बघ कद्दूर, माणसं अशी असतात. आईसारखी माया."

"माया तर आहेच," कद्दूर बोटं चाटत म्हणाला, "आणि मांसही."

दुसऱ्या शुक्रवारी थाळी आली. तिसऱ्या शुक्रवारी आली. बूश्ता थाळी घासून पुसून परत पाठवायचा आणि वर निरोप, "उद्या नक्की येतो." एकटी बाई, स्वतः पावाबरोबर ऑलिव्ह खाऊन राहणारी, आणि दर शुक्रवारी परातभर कुसकुस रांधते, त्यात मांस घालते. हे कशासाठी, याचा विचार बूश्ताच्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात आला. पण माझं डोकं पडलं लोखंडाचं.

पाचव्या शुक्रवारनंतर बूश्ताने घरी जायची वाट बदलली. लाल्ला बतूलच्या दारावरून तीन मिनिटांत घर येतं, तिथे तो रंगाऱ्यांच्या गल्लीतून वळसा घालून पंधरा मिनिटं चालू लागला. मी त्याच्या पिशवीत. खेचरांच्या धक्क्यात, भिजलेल्या लोकरीच्या वासात आम्ही दोघं रोज चोरासारखे जायचो. ज्याच्या घावाची रेघ कधी चुकली नाही तो माणूस एका म्हातारीला चुकवत फिरत होता. मित्रांनो, पिशवीच्या तळाशी मला तेव्हा फार एकटं वाटलं. आम्ही पंचवीस वर्षं एका हाताने जगलो होतो, आणि आता तो हात मला ओळखीचा वाटेना.

आठव्या आठवड्यात त्याने कसेबसे ते अकरा तुकडे कापायला घेतले. जुन्या हिरव्याशी जुळणारा हिरवा मिळेना. लाद्यांच्या भट्टीवर दोनदा हेलपाटा झाला. सोळा लाद्या आणल्या, पाच फुटल्या. तुकडे तयार झाले, फडक्यात बांधले, आणि तेवढ्यात बंगलेवाल्याने बोलावलं. फडकं फळीवर राहिलं.

नववा शुक्रवार ईदेच्या आधीचा. त्या दिवशीही थाळी आली. या वेळी लाल्ला बतूल स्वतः घेऊन आल्या होत्या. "झालेत का रे?" एवढंच विचारलं.

"झालेत, लाल्ला! हे बघा, फडक्यात आहेत. बंगल्याचा शेवटचा कोपरा झाला की येतो."

त्यांनी फडक्याकडे पाहिलं. थाळी ठेवून गेल्या. दाराशी मात्र जरा थांबल्या, जणू काही मागायचं होतं आणि ते मागायला काही आधार सापडेना. मी ऐरणीवरून बघत होते.

ईद झाली. नंतरच्या शुक्रवारी दुपार सरली, कद्दूर दोनदा गल्लीत डोकावला. थाळी आली नाही.

"आज कुसकुस नाही?" कद्दूर म्हणाला. मग सुई चपलेत खोचून हळू आवाजात म्हणाला, "बूश्ता, नऊ थाळ्या. तुला अजून वाटतं ती माया होती? अरे वेड्या, ती तुझी मजुरी होती. तू आकडा सांगितला नाहीस म्हणून बाई अंदाजाने फेडत होती."

बूश्ता ताडकन उठला. फडकं उचललं, मला पिशवीत टाकलं आणि त्या दिवशी तो वळशाच्या वाटेने नाही, सरळ वाटेने धावला.

अंगण कोरडं होतं. भिंतीवर महिरपीच्या जागी राखाडी सिमेंट, त्यात एक चकचकीत नळ, घट्ट बंद. आवाज नाही. मी किती अंगणं पाहिली असतील, पण इतकं गप्प अंगण पाहिलं नाही. लाल्ला बतूल पायरीवर बसल्या होत्या. शेजारी पिठाचं पोतं, त्यात उखडलेले जुने तुकडे.

"अन्वरने दोन तासांत काढलं," त्या म्हणाल्या. "पोरगं वाईट नाही. म्हणाला, आई, तू पडलीस तर मी तंजाहून किती वेळात पोचणार?"

बूश्ता खाली बसला. "लाल्ला, मी परत बसवतो. नळाभोवती जमेल तेवढी महिरप उभी करतो. एक दिरहमही..."

"फुकट म्हणालास तर झाडू आणीन!" त्या कडाडल्या. "अल्लाहला मध्ये घालून माझं वाटोळं केलंस, आता आईला मध्ये घालू नकोस. तू भाव सांगितला असतास आणि मला परवडला नसता, तर मी दुसरा मआलेम पाहिला असता. परवडला असता तर तुझ्या दुकानात बसून भांडले असते. तू मला दोन्ही करू दिलं नाहीस. नऊ शुक्रवार मी शिजवत बसले आणि विचारायची चोरी. फुकटच्या कामाला 'कधी' विचारायचं कोणत्या तोंडाने?"

बूश्ताने पोतं पुढे ओढलं. अंगणात ओतलं. तुकडे एकेक करून हातात घेतले. कोणता शाबूत, कोणता तासून चालेल, कोणता गेला. किती कमी पडतात ते मोजलं. भिंतीपाशी जाऊन नळाभोवतीची गोलाई बोटाने चाचपली. त्याच्या ओठांची हालचाल मी पिशवीच्या तोंडातून बघत होते. पहिल्यांदाच तो मीटर मोजत नव्हता, दिवस मोजत होता.

"लाल्ला," तो म्हणाला, "काम दोन हात लांबीचं आहे, पण माझा दीड दिवस जाईल. एक दिवस बसवायला. दुसऱ्या दिवशी सांधे पुसायला पुन्हा यावं लागतं, तो अर्धा. तुमच्या दारात पाय ठेवला की त्या वेळात दुसरं काम होत नाही, मग तुकडा नखाएवढा असो की परातीएवढा. भट्टीचा हेलपाटा वेगळा. लाद्या आख्ख्याच घ्याव्या लागतात आणि तीनातली एक फुटते, तीही तुमच्याच कामात धरणार. सगळे मिळून साडेचारशे दिरहम. अर्धे आधी. सोमवारी सकाळी येतो."

"आणि नऊ थाळ्या?"

"त्यांचे दीडशे वजा. राहिले तीनशे."

लाल्ला बतूल काही बोलल्या नाहीत. मित्रांनो, आकडा सांगितल्यावर जी शांतता पसरते ना, तिच्याच भीतीने बूश्ता इतकी वर्षं पळत होता. समोरची बाई उठून जाईल, तोंड फिरवेल, उद्या सलामही करणार नाही. तो मान खाली घालून बसला. मला वाटलं, आता हा वितळणार आणि म्हणणार, बरं, शंभर द्या. पण तो गप्प राहिला. तुटेल पण वाकणार नाही असा गप्प.

त्या आत गेल्या. साखरेच्या डब्यातून घड्या घातलेल्या नोटा घेऊन आल्या. दीडशे मोजून त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याची मूठ स्वतःच्या हाताने बंद केली.

"सोमवारी सकाळी म्हणजे नमाजानंतर लगेच," त्या म्हणाल्या. "दहा वाजता आलास तर सगळी गल्ली गोळा करीन."

सोमवारी आम्ही उजाडता उजाडता दारात होतो. आणि काय सांगू, दिवसभर त्या बाईने बूश्ताला सळो की पळो करून सोडलं. "हा तुकडा तिरका आहे." "हा हिरवा नाही, हा गवताचा हिरवा, माझा शेवाळाचा होता." "चुना सांडलास, कोण पुसणार, तुझा बाप?" त्याने दोन तुकडे काढून पुन्हा तासले, एकदा वैतागून म्हणाला, "लाल्ला, मग तुम्हीच बसवा!" तर त्या खरंच बाह्या सारून बसल्या. संध्याकाळी नळाभोवती अर्धी महिरप उभी राहिली. अर्धीच. बाकीचे तुकडे फुटून गेले होते आणि पाण्याची ती धार तर परत येणारच नव्हती. दुसऱ्या दिवशी सांधे पुसून झाले, उरलेले पैसे मिळाले, हिशेब मिटला. आम्ही दाराबाहेर पडलो आणि मागे अंगण पुन्हा गप्प झालं. त्या दारात उभ्या राहून आम्ही वळेपर्यंत बघत होत्या.

ते माझं शेवटचं काम. माझी धार लावता लावता मी निम्मी झाले होते. लोहार म्हणाला, हिच्यात आता पोलाद उरलं नाही. बूश्ताने नवी हातोडी आणली आणि मी तुकड्यांच्या टोपलीमागे फळीवर पडले. दिवसभर तिचा आवाज ऐकते. बरी आहे, जरा आगाऊ आहे. माझ्या अंगावर लाद्यांची तांबडी धूळ बसते, हात कोणाचा लागत नाही.

तरी कान शाबूत आहेत. आता कोणी लहान काम घेऊन आलं की बूश्ता आधी जाऊन जागा बघतो, मग दिवस मोजतो आणि आकडा सांगतो. काही लोक मान हलवून निघून जातात. पूर्वी ते फुकटात आले असते आणि नऊ आठवडे थांबले असते. मागच्या महिन्यात तिघे गेले, दोघे राहिले. कद्दूर त्यावरही टोचतो. बूश्ता हसतो आणि सरळ वाटेने घरी जातो.

म्हणून मित्रांनो, उद्या तुमच्या हातात कोणतंही कसब आलं, तर लहान कामाला लाजू नका आणि त्याचा खरा भाव सांगायलाही लाजू नका. तुकडा मोजू नका, आपला दिवस मोजा. आणि तुम्ही काम करून घेणारे असाल तर कारागिराला तोंडावर विचारा, किती आणि कधी. तो छातीवर हात ठेवून गोड बोलायला लागला तर उठून जा, खुशाल जा. नाहीतर कुठल्यातरी घरात एक बाई दर शुक्रवारी परातभर रांधत बसेल आणि दाराची कडी वाजायची वाट बघेल.

आणि तुमच्या घरी एखादी जुनी हातोडी फळीवर पडली असेल, तर वर्षातून एकदा तिला खाली काढा, फडक्याने पुसा, दांड्याला चार थेंब तेल लावा. काम नसलं तरी चालेल. हातात थोडा वेळ धरा.